काचेच्या बाहेरचं माणूस

माझं मूळ गाव कागलच्या पलीकडं, पण गावाचं मला फारसं आठवत नाही, कारण चौथीत असतानाच वडलांनी शाळेतून काढलं आणि कोल्हापुरात कापडाच्या दुकानात चिकटवलं, आणि मी पण शाळेसाठी फार रडलो असं नाही, खरं तेच सांगतो. दुकान साड्यांचं, मोठं, रस्त्याला लागून भली थोरली काच, तशी काच त्या पेठेत दुसरी नव्हती, आणि माझं काम ती काच पुसायचं. आता काच पुसण्यात काय शिकायचं असं तुम्ही म्हणाल ताई, पण मला त्या काचेनं जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या मास्तरानं शिकवलं नसतं. लोक साडी बघायला वाकतात, बायका बोट लावून एकमेकीला दाखवतात, लहान पोरं तर नाकच चिकटवतात. जिथं डाग जास्त तिथं लोकांचा डोळा अडकला. जिथं काच कोरी, तिथली साडी कितीही भारी असू दे, कोणी बघितलेलीच नाही. मी हे शेठना सांगितलं. शेठ म्हणाले, फडकं मारतोस का मला अक्कल शिकवतोस? पण माणूस कानाचा चांगला होता, काही दिवसांनी म्हणाले, चल, तूच लाव बघू. तिथनं शोकेस माझ्या हातात आली ती दुकान बंद होईपर्यंत.

नवीन माणूस काय करतो, सगळा माल काचेत कोंबतो, लालशेजारी पिवळी, पिवळीशेजारी जांभळी, बघणाऱ्याचा डोळा उडत उडत पुढच्या दुकानात. मी एकच पुतळा ठेवायचो आणि बाकी जागा रिकामी. शेठ ओरडायचे, एवढी मोकळी जागा कशाला, म्हशी बांधायच्यात काय? म्हटलं, शेठ, डोळ्याला टेकायला जागा लागते. शेजारी कॅसेटचं दुकान निघालं होतं, तिथं मी दुपारी जाऊन नुसती कव्हरं बघायचो. सगळ्यांवर गाणाऱ्याचं मोठं तोंड, मागं देव, खाली ढोलकी, वर चांदण्या आणि अक्षरं सगळ्यांच्या अंगावरनं गेलेली. त्यात एक भजनाची कॅसेट होती, काळ्या रंगावर नुसते टाळ, एक उताणा, एक पालथा, बस. अख्ख्या दुकानात माझा डोळा तिथंच जायचा. कॅसेटवाला म्हणायचा, ती कोण घेत नाही हो. म्हटलं, घेत नसतील, बघतात की नाही ते सांग. पेठेतली पोरं हौसेनं नाटक बसवायची तेव्हाही मला बोलवायची. पलंग, टेबल, कॅलेंडर, सगळं आणून मांडायची, पण घर काही दिसायचं नाही. मी एक खुर्ची जरा तिरकी करून ठेवायचो. तिरकी खुर्ची बघितली की वाटतं, आत्ताच कोणीतरी उठून आत गेलंय. झालं घर.

पण एक गोष्ट या धंद्यात एकट्याला जमत नाही, आणि मी हे ज्याच्या त्याच्यापुढं मान्य करणारा माणूस नाही, तुम्हाला म्हणून सांगतो. आत उभं राहून साडी लावणाऱ्याला ती बाहेरून कशी दिसते ते दिसत नाही. त्याला रस्त्यावर एक माणूस लागतं. काचेतून आवाज जात नाही, म्हणून सगळं हातावर चालतं. तळवा वर केला की काठ उचल. दोन बोटं जवळ आणली की निऱ्या आवळ. मुठीनं ओढल्यासारखं केलं की पदर मोकळा सोड. माझं बाहेरचं माणूस म्हणजे माझी बायको, आमच्या महेशची आई. ती दुपारी डबा घेऊन यायची. एका हातात डबा, कडेवर महेश, डबा खाली ठेवला तर हातानं खुणा, नाहीतर ती हनुवटीनंच सांगायची. हनुवटी जरा डावीकडं उडवली की नाही. तोंडानं अहो-जाहो करणारी बाई, पण काचेच्या बाहेरून मला एवढ्यांदा नाही म्हणायची की बस. मी चिडायचो, पुन्हा लावायचो, आणि दरवेळी तिचंच बरोबर निघायचं. एकदाच ती काही खूण न करता नुसती बघत राहिली, एक हिरवी इरकल होती तिच्यासमोर. महिनाभरानं शोकेस बदलली तेव्हा तीच साडी मी तिला नेली. काचेच्या बाजूनं ऊन लागून एक घडी पोपटी पडली होती. ती म्हणाली, असू दे, ही खूण राहील.

मागच्या पावसाळ्यात ती गेली. महेश इकडून, या डच लोकांच्या देशातून निघाला, विमानं बदलत पोचला तोवर सगळं उरकलं होतं. त्याला आईचं तोंड बघायला मिळालं नाही. त्यावर तो एक शब्द बोलला नाही, मी पण नाही, आमच्यात ती पद्धतच नाही. तिच्या साड्या पाहुण्यांत वाटल्या, ती हिरवी तेवढी मी माझ्या बॅगेत ठेवली. मग फेब्रुवारीत महेशनं मला इथं झूटरमेरला आणलं, तीन महिन्यांसाठी, आणि हा रोग आला, आणि विमानं बंद झाली, आणि मी राहिलो ते राहिलोच.

काय सांगू तुम्हाला ताई, घरात चौघं, चोवीस तास एका छपराखाली, आणि बोलायला कोण नाही. महेश पुढच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं, सूनबाई मेघना वरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं, नात इरा मधल्या खोलीत, तिची शाळा पण त्यातच. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर डचमध्ये देते, मी मान हलवतो. महेशच्या पाठीमागं खिडकी, म्हणजे समोरच्या लोकांना त्याचं तोंड काळं दिसत असणार, हे मला रोज दिसायचं. सांगितलं तर म्हणाला, अण्णा, मीटिंग चालू आहे.

मग मी चालायला जायचो. इथली घरं तुम्ही बघताच, रस्त्याला हीऽ मोठी काच, पडदा नाही, आणि खिडकीच्या फळीवर दोन्ही कडांना सारख्या दोन कुंड्या, मधे एखादी पितळी नाहीतर चिनी मातीची वस्तू. मला पहिल्यांदा कळेना, मग लक्षात आलं, सगळ्या वस्तूंची तोंडं रस्त्याकडं. घरातल्यांना त्यांची पाठ. अख्ख्या गल्लीनं शोकेस लावलीय आणि विकायला काही नाही. मी प्रत्येक खिडकीपुढं थांबून बघायचो, कोणाचं वजन एका बाजूला गेलंय, कोणाचा रंग मागच्या भिंतीत बुडालाय. आतली म्हातारी माणसं हात करायची, मी हात करायचो. बाजारातली बरीच दुकानं बंद, काचेतले पुतळे थंडीचे कोट घालून तसेच, आणि बाहेर ऊन पडलेलं. एक पुतळा खांद्यातनं कलला होता, रोज बघायचो, कोणी सरळ करायला येत नव्हतं. आमच्याच घराला तेवढा पातळ करडा पडदा, कायम ओढलेला. मेघना म्हणायची, अण्णा, लोक आत बघतात. म्हटलं, बघू देत की, काच कशाला असते?

त्यात गल्लीनं खिडक्यांत अस्वलं ठेवायला सुरुवात केली. खेळण्यातली, कापसाची. लहान पोरांनी आईबापाबरोबर फिरायचं आणि कुठल्या खिडकीत अस्वल आहे ते मोजायचं, घरात कोंडलेल्या पोरांना तेवढीच करमणूक. इरा मागं लागली, आपल्या खिडकीत पण लावा. महेश म्हणाला, रविवारी बघू. रविवारी ती तिघं सायकली घेऊन लोकांची अस्वलं बघायला गेली, मी गुडघ्याचं निमित्त सांगून मागं राहिलो, आणि पडदा सारला.

आता इराचं अस्वल समोरच होतं, ते उचलून ठेवलं असतं तर काहीच झालं नसतं. पण सगळ्या गल्लीत अस्वलं असताना आपण पण अस्वल ठेवायचं हे माझ्या हाताला पटेना. शोकेसमध्ये आपल्या घरातलं काहीतरी पाहिजे. कोट अडकवायचा लाकडी खांब होता, त्याला हँगर बांधला, आणि बॅगेतनं ती हिरवी इरकल काढली. निऱ्या घातल्या, पदर पुढून असा मोकळा सोडला की काठ खिडकीच्या कडेपर्यंत यावा. खांब जरा कललेला होता, मी तसाच ठेवला, सरळ पुतळा मेल्यासारखा दिसतो. बाकी फळी रिकामी. बऱ्याच वर्षांनी हात चालला माझा, एवढं बरं वाटलं की काय सांगू. बाहेर चालणारी माणसं थांबायला लागली, लांबून फोन काढून फोटो घ्यायला लागली, मी आतनं बघत होतो आणि आतल्या आत फुगत होतो.

मग सायकली आल्या. महेशनं रस्त्यातच ब्रेक मारला, आणि एक पाय खाली टेकवून तसाच उभा. मला वाटलं, पोराला आवडलं. आत आला ते तोंड पांढरं. म्हणाला, आईला काचेत उभी केलीत? लोक आईचे फोटो काढतायत अण्णा! म्हटलं, आई कुठली, साडी आहे. तर ओरडला, साडी कशी असेल, तिच्याएवढी उंची, तिच्यासारखा कललेला खांदा, दुकानातली बाहुली केलीत तिची! आणि ओढलीच ती साडी. हँगर तुटला. मेघना म्हणाली, अहो, हळू. इरा रडायला लागली. मी म्हटलं, माझ्या हातची शोकेस आजवर कोणी मोडली नव्हती, आता मला तुझ्या घरात बोलायचं कारण नाही. आणि बोलणं टाकलं.

मी टाकलं की टाकलं, तसा मी आहे. जेवायला बसायचो, मेघनाला बस म्हणायचो, वाढ म्हणायचो, महेशकडं बघायचो नाही. तो पण माझाच पोरगा, तो पण बघायचा नाही. आठवडे गेले असे. मेघना एकदा वैतागून म्हणाली, एका खोलीत दोन पुतळे झालेत, आता निऱ्या मी घालू का दोघांना? हसू आलं होतं, दाबलं. रात्री पडल्या पडल्या एकच विचार यायचा, विमानं सुरू झाली की मी असाच मुका परत जाणार, आणि तिकडं मला काही झालं तर हा पुन्हा उशिराच पोचणार. आणि दुसरा एक विचार, तो जास्त वाईट. मी आत होतो. मला खरंच ती दिसली नव्हती. मी नुसता काठ बघत होतो.

मग एका दुपारी मी फिरून परत येत होतो. कोपऱ्यावरनंच दिसलं, आमचा पडदा सारलेला. जवळ आलो तर खिडकीत हिरवं. महेश आत उभा, तोंडात टाचण्या धरलेल्या, मी धरायचो तशा, आणि त्या खांबाला साडी नेसवत होता. मी काय केलं असेल? पुढं चालायला लागलो. बघितलंच नाही असं करून दोन घरं ओलांडून गेलो. पण राहवेना हो, निऱ्या उलट्या पडल्या होत्या.

परत आलो. काचेपुढं रस्त्यावर उभा राहिलो. त्यानं वर बघितलं. मी हात उचलला, बोट फिरवून दाखवलं, निऱ्या उलट. तो थांबला, मला वाटलं आता पडदा ओढतोय. तर त्यानं निऱ्या सोडल्या आणि पुन्हा घातल्या, डावीकडं तोंड करून. मी तळवा वर केला, त्यानं काठ उचलला. मी दोन बोटं जवळ आणली, त्यानं आवळलं. कधी शिकवलं नव्हतं मी त्याला, आईच्या कडेवर बसून बघितलेलं असणार. शेवटी पदर. त्यानं पदर कमरेला खोचला होता, पदरावरचं सगळं विणकाम झाकलेलं. पदर खोचलेली साडी मी जन्मात काचेत लावली नाही. मी मूठ ओढून दाखवली, मोकळा सोड. महेशनं माझ्याकडं बघितलं आणि हनुवटी डावीकडं उडवली.

मग मी हात खाली घेतला. असू दे म्हटलं.

पदर खोचून, जरा कलून, आत्ताच हातातलं काम टाकून बाहेर बघायला आल्यासारखी ती उभी होती. एवढी वर्षं ती बाहेर असायची आणि मी आत. बाहेरून कशी दिसते ते मला पहिल्यांदा दिसलं. मी जवळ गेलो, काचेला टेकलो. महेश आतनं हात करत होता, या म्हणून. मी तळवा दाखवला, थांब जरा.

आत गेल्यावर तो म्हणाला, चहा टाकू का अण्णा? म्हटलं, टाक. एवढंच बोलणं झालं. मेघनानं मागाहून सांगितलं, त्या रविवारचा फोटो कोणीतरी गल्लीच्या ग्रुपवर टाकला होता, महेशनं तो ठेवला होता, रोज काढून बघायचा. संध्याकाळी आम्ही दोघांनी एकेक टोक धरून साडी घडी केली, आणि ती मी त्याच्या कपाटात ठेवायला सांगितली. माझ्या बॅगेत आता तिचं काम नाही.

खिडकीत आता अस्वल आहे. जरा तिरकं बसवलंय मी, इरा येता-जाता सरळ करते, मी पुन्हा तिरकं करतो. महेश आता खिडकीकडं तोंड करून बसतो, बोलतो मोजकंच, पण बोलतो. विमानं अजून बंद आहेत. सुरू झाली की मी जाणार, इथं राहायचं म्हणतात पण मी जाणार, तिकडं दुकान नाही, काच नाही, कुलूप उघडलं की रिकामं घर, ठाऊक आहे मला. तोवर या बाकाच्या एका टोकाला मी आणि लांब तिकडच्या टोकाला तुम्ही, एवढं बोलणं मिळतंय ते पुष्कळ.

एक सांगायचं राहिलं, साडी घडी केली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेरून काच पुसायला गेलो, तर मधोमध एक डाग, नाकाचा आणि कपाळाचा, माझ्याच उंचीचा. जन्मभर लोकांचे पुसले. तेवढा सोडून बाकी काच पुसली. तुम्हालाही ताई, काचेच्या बाहेर उभं राहून नाही म्हणणारं कोणीतरी असू दे, लई वर्षं असू दे.