ताडपत्रीखालची तिथी

(लालबाग. चाळीचा तिसरा मजला, बाबुराव पेंटरच्या खोलीबाहेरची गॅलरी. दुपारचे तीन.)

बाबुराव : विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. देवाला सांगितलं तर तोही म्हणेल, बाबुराव, थोडं कमी कर.

प्राची : मग कमीच करा, काका. पाच वाजता वरळी कोळीवाड्यात सगळे नाखवे जमतायत. मला एवढंच सांगा, बोर्डावर ती ओळ आली कशी?

बाबुराव : तेच सांगतोय. आधी बूड टेक. ॲरन, तू पण. त्या फळीवर नको, मंडळाचा बोर्ड आहे, रंग ओला आहे.

ॲरन : अंकल, टाइम नाही. कोणीतरी काल बोर्डाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. सकाळपासून माझा फोन थांबत नाही. मालवण, हर्णै, सगळीकडून एकच. वाऱ्याचा इशारा चालू झाला का?

बाबुराव : बोर्ड असा पाहिजे. वरळीत लावला, मालवणात वाचला.

प्राची : हसण्यावारी नेऊ नका. आपल्या 'उधाण' ॲपमध्ये वाऱ्याचा इशारा नाहीये. भरती-ओहोटी आहे, खडक कुठे ते आहे. वारा नाही. कच्चा इशारा आम्ही आमच्यापुरता दहा वेळा तपासून बघितला, त्यातल्या तीन वेळा वारा सुटला आणि ॲप गप्प बसलं. म्हणून तर आम्ही अकरा जणांनी दोन महिने एकमेकांशी भांडून तो रोडमॅप केला. ॲपचा कोड सगळ्यांना उघडा आहे, तर पुढचा बेतही उघडा असू दे. काय झालंय, काय चालू आहे आणि काय नुसतं डोक्यात आहे, लोकांना खरं खरं कळू दे.

बाबुराव : तीन रकाने. 'झालं', 'चालू आहे', 'पुढं कधीतरी'. पाठ आहे मला.

प्राची : कोळीवाड्यातली म्हातारी माणसं कम्प्युटरवर जाऊन रोडमॅप बघणार नाहीत, म्हणून तुम्हाला बोर्ड करायला सांगितला. वारा तिसऱ्या रकान्यात होता. काल ताडपत्री काढली तर तो दुसऱ्यात. आणि पुढं तिथी. नारळी पौर्णिमा. पौर्णिमेला पाच दिवस राहिलेत, काका. नारळ सोडला की होड्या बाहेर पडणार. खिशातला फोन गप्प राहिला की ते समजणार, वारा नाही.

ॲरन : माझा आग्नेलोमामा पण जातो. मी त्याला बोललो, मामा, ते अजून झालं नाही. तो बोलतो, पेंट केलंय ना? खोटं कोण पेंट करतो?

बाबुराव : शहाणा माणूस आहे तुझा मामा.

ॲरन : प्राची, मी अजून पण बोलतो, पाच दिवस आहेत. कच्चं तर कच्चं, चालू करू या ना. दहातनं सात वेळा तर बरोबर येतं.

प्राची : आणि उरलेल्या तिनांतली एक वेळ तुझ्या मामाच्या होडीवर बघायची?

ॲरन : तसं नाही बोललो मी.

प्राची : तसंच होतं त्याचं. काका, सांगा.

बाबुराव : तर मे महिन्याची अखेर. बाबुराव पेंटर खांद्यावर शिडी टाकून कोळीवाड्यात गेला...

ॲरन : म्हणजे तुम्ही.

बाबुराव : बोर्डाखाली सही बाबुरावची असते, माझी नसते. मध्ये बोलू नकोस. बाबुराव गेला. होड्या ओढून ठेवतात तिथली भिंत, तिच्यावर आठ बाय चारचा पत्रा, त्याला आधीच निळा रंग दिलेला, वाळलेला. प्राचीचा कागद शर्टाच्या खिशात. कागद उघडला आणि बाबुरावच्या कपाळावर आठी आली. तिसऱ्या रकान्यात ओळी आहेत, पण पुढची तारखेची जागा सगळी कोरी. पन्नास वर्षं त्यानं बोर्ड रंगवले. गिरणीचं गेट झालं, दादरचे लग्नाचे हॉल झाले, परळचे दवाखाने झाले, पण कोरी जागा सोडून तो शिडीवरून कधी उतरला नाही. गिऱ्हाईक विचारतं, काय पेंटर, रंग संपला वाटतं? अगदीच काही नसलं तर तो तिथं 'लवकरच' लिहायचा. एका डॉक्टरच्या पाटीवर त्यानं 'लवकरच' लिहिलं, तर तो डॉक्टर तीन महिन्यांत लंडनला जाऊन शिकून परत आला. पाटीची लाज वाटली म्हणून.

प्राची : आम्ही ती जागा मुद्दाम कोरी ठेवली होती. कधी होईल ते आम्हालाच माहीत नव्हतं.

बाबुराव : बाबुरावनंही स्वतःला तेच समजावलं. मुलगी शिकलेली आहे, आपल्या डोळ्यांसमोर फ्रॉकमधून मोठी झालीय, तिनं कोरी म्हटली तर कोरी. वाऱ्याची ओळ तिसऱ्या रकान्यात लिहिली. अशी सुबक, की समोरून जाणारं मांजर थांबलं.

प्राची : तिसऱ्यात.

बाबुराव : तिसऱ्यात. नारळाची शपथ. दुपारची वेळ, चिटपाखरू नव्हतं. बाबुराव ब्रश पुसतोय, तेवढ्यात किल्ल्याच्या बाजूनं वारा सुटला. अगं, कसला वारा! दोरीवर वाळत घातलेले बोंबील जिवंत झाले. शंभर-दीडशे बोंबील थवा करून उडाले. त्यातला एक सी लिंकवर एका गाडीच्या वायपरला जाऊन लटकला. गाडीवाला बिचारा वांद्र्यापर्यंत बोंबलानं काच पुसत गेला. एका कोंबड्यानं वारा कुठून येतो ते बघायला मान वळवली, ती अजून वळलेलीच आहे. जाऊन बघ.

ॲरन : कोंबडा बघितलाय मी. त्याची मान तशी आहे खरी.

प्राची : ॲरन.

ॲरन : सॉरी.

बाबुराव : शिडी धनुष्यासारखी वाकली. बाबुरावनं पत्र्याला मिठी मारली. आणि बघतो तर काय, रंग ओला, त्यात अळशीचं तेल जरा सढळ हातानं पडलेलं, अक्षरं सरकायला लागली. आधी 'वा' हलला. त्याच्या पाठोपाठ 'ऱ्याचा'. 'इशारा' जरा जड होता, त्याचा काना दोन रकान्यांमधल्या रेघेत अडकला. बाबुरावला वाटलं, वाचलो. पण अजून एक झोत आला आणि तोही सुटला. मुंग्यांची रांग चालते ना, तशी अख्खी ओळ चालत गेली आणि दुसऱ्या रकान्यात जाऊन बसली. एक अक्षर फुटलं नाही. वाऱ्याची ओळ वाऱ्यानंच नेली, आता दोष कोणाला देणार?

प्राची : मग पुसली का नाही?

बाबुराव : ऑइलपेंट आहे ते. धरलं की धरलं. दुसऱ्या दिवशी होड्यांबरोबर बोर्डावर पण पावसाळ्याची ताडपत्री चढली. बाबुरावनं विचार केला, ताडपत्रीखाली कोण वाचतंय?

प्राची : आणि दोन महिने मला एका शब्दानं बोलला नाहीत. रोज जिन्यात भेटतो आपण.

बाबुराव : तू कानात ते घालून असतेस.

प्राची : माझीही चूक आहे. ताडपत्री चढायच्या आधी मी एकदा बघून यायला हवं होतं. आमच्या अकरा जणांतला अमित बोलला होता मला, रोडमॅप बदलत राहणार, त्याला ऑइलपेंट कशाला, खडूचा फळा लाव. मी म्हटलं, पावसात खडू टिकायचा नाही. ते जाऊ दे. मी सकाळी कोळीवाड्यात जाऊन आले. जाईबाई भेटली.

बाबुराव : कोण जाईबाई?

प्राची : काका.

बाबुराव : हां, ती. हितेंद्र नाखव्याची आई. असेल. तिकडं जाईबाया पुष्कळ.

प्राची : वीस वर्षं ती रोज होडी सुटायच्या आधी किल्ल्याच्या बुरुजावर चढते. तोंडावर वारा घेते. खाली येते आणि हात वर करते. तिनं हात वर केल्याशिवाय त्या गल्लीतली एक होडी सुटत नाही.

ॲरन : मामा पण तिचाच हात बघतो. तिनं हात खाली ठेवला त्या दिवशी तो घरी झोपतो.

प्राची : आज माझा हात धरून मला म्हणाली, पोरी, लय बरं केलंस. आता पौर्णिमेपासून माझे गुडघे सुटले. यंदा ती चढणार नाहीये, काका. तिनं मुलाला तसं सांगून टाकलंय. मी विचारलं, तुम्हाला हे कधी कळलं? मला वाटलं, म्हणेल काल, ताडपत्री काढल्यावर. तर म्हणाली, मला मे महिन्यापासून माहिताय.

बाबुराव : बायकांना कळतं. समुद्रावरच्या बायकांना तर काय...

प्राची : त्या दुपारी तिथं चिटपाखरू नव्हतं ना?

बाबुराव : मांजर होतं. मांजराचं सांगितलं मी.

प्राची : हा माझा कागद. त्याची दुसरी प्रत. वाचा.

बाबुराव : चष्मा आत आहे.

प्राची : ॲरन, तू वाच. तारखेचा रकाना.

ॲरन : जुलै ते सप्टेंबर. ऑक्टोबर ते डिसेंबर. मग खाली सगळं कोरं.

प्राची : तिथी कुठे आहे त्यात?

ॲरन : नाही. एक पण नाही.

प्राची : बोंबील उडाले, कबूल. अक्षरं चालत दुसऱ्या रकान्यात गेली, तेही कबूल. पण वारा आहे तेच ढकलेल ना, काका. नारळी पौर्णिमा कुठून आणेल? कागदावर ती नव्हतीच.

ॲरन : अंकल, तुम्ही खोटं बोलताय.

बाबुराव : ॲरन, तो मंडळाचा बोर्ड जरा भिंतीला सरकव.

प्राची : काका, साडेतीन वाजले.

बाबुराव : जाईबाई चहा घेऊन आली होती. शिडीखाली उभी राहिली. तिला वाचता येत नाही, म्हणून मीच एकेक ओळ वाचून दाखवत होतो. वाऱ्याच्या ओळीवर आलो. तिनं विचारलं, मग पेंटर, मी अजून किती दिवस चढू? मी कागद बघितला. जागा कोरी.

प्राची : आणि तुम्ही तिला तारीख दिलीत, ओळ दुसऱ्या रकान्यात लिहिलीत.

बाबुराव : तिला महिने कळत नाहीत. तिथी कळते.

ॲरन : आता काय करायचं?

प्राची : बोर्डाचा निळा रंग उरलाय ना? डबा घ्या. शिडी ॲरन धरेल. ती अख्खी ओळ झाकायची आणि परत तिसऱ्या रकान्यात लिहायची. पाच वाजता, नाखव्यांसमोर. मग आम्ही त्याचा फोटो काढून मालवणला, हर्णैला, सगळीकडे पाठवणार.

बाबुराव : लोक विचारतील, चूक कोणाची.

प्राची : मी सांगेन, आमची. रोडमॅप आमचा आहे, बघून घ्यायचं काम माझं होतं.

बाबुराव : आणि जाईबाईला?

प्राची : तिला तुम्ही सांगायचं. तिला अजून चढावं लागेल, हे तुमच्याच तोंडून कळलं पाहिजे. आणि बोंबील उडवायचे नाहीत.

बाबुराव : नाही उडवत.

ॲरन : अंकल, शिडी मी घेतो. ब्रश कुठला, बारीक की जाड?

बाबुराव : दोन्ही घे. प्राची, ओळ लिहितो मी तिसऱ्यात. पण पुढं तारखेच्या जागी काय लिहू?

प्राची : काही नाही.

बाबुराव : 'लवकरच' तरी?

प्राची : कोरी ठेवा, काका.