दुपारचा गणिताचा तास

...अन् वरून मलेच म्हणतात, दयाराम, तू रडला नसता तं हे झालंच नसतं! आता तुमीच सांगा, निरोप समारंभात माणसानं रडू नये तं काय करावं? हार आणलते, अगरबत्ती लावलती, हेडमास्तरच्या घरून पोहे आलते, फळ्यावर रंगीत खडूनं मोर काढलता, मोराले पाय काढाचे राहून गेलते ते सोडा... एवढा सरंजाम केल्यावर रडू येते का नाई? पण नाई, चूक कोणाची, तं दयारामची. तुमाले सांगतो, एकदा निरोप घेतला ना, मंग माणसानं वापस येऊ नये भाऊ. काही करावं, पण वापस येऊ नये.

म्हणजे झालं असं, का आमी आमच्या गावातली मॅट्रिकची पह्यली बॅच. गेल्या सालची, चौसष्टची गोष्ट. त्याच्याआधी मॅट्रिक व्हाचं तं धाड गावाले जा, नाई तं बुलढाण्याले मामाच्या घरी राहा अन् मामीचं पाणी भरा. मंग गावात आठवीचा वर्ग निघाला, आमी नववीत गेलो तं नववी निघाली, दहावीत गेलो तं दहावी, अन् शेवटी अकरावी, म्हणजे मॅट्रिक. आमी पुढं पुढं अन् शाळा आमच्या मांगं मांगं. आठ पोट्टे अन् एक पोट्टी. पोट्टी म्हणजे रंगरावची पंचफुला. पह्यल्या बाकावर एकटी बसे. चार वर्सं आमी नऊ जण, त्याच खोलीत, त्याच बाकावर. मंग निरोपाले रडू नाई येणार?

अन् हेडमास्तर, आमचे हिंमतराव सर, उभे राह्यले अन् काय बोलले ऐका, ते भाषणात शुद्ध बोलत, "विद्यार्थी मित्रांनो, आज मनात काही ठेवू नका. उद्या तुम्ही कुठे, आम्ही कुठे! मन मोकळं करा." आता मले सांगा, परीक्षा व्हाची हाये, निकाल लागाचा हाये, अन् तुमी आधीच कायले पोट्ट्याइले मन मोकळं करा म्हणता? थोडं झाकून ठेवा म्हणा ना, लागंन पुढं!

पह्यलं भाषण माह्यावर होतं. तीन दिवस पाठ केलतं, गोठ्यात बैलाले म्हणून दाखवलतं, बैलानं मानही हालवलती. उभा राह्यलो, अन् समोर पाह्यलं तं गणिताचे भगवंतराव मास्तर. अन् त्याईचे डोळे उघडे. चार वर्सात दुपारी अडीच वाजता मास्तराचे उघडे डोळे म्या पह्यल्यांदा पाह्यले, अन् मले भरूनच आलं हो... सगळं भाषण गेलं डोक्यातून.

कारण तुमाले सांगतो, गणिताचा तास मधल्या सुट्टीनंतर. मास्तर धाडहून रोज चार मैल पायी येत, पायी जात. फळ्यावर एक उदाहरण लिहीत, "करा" म्हणत, खुर्चीवर बसत, अन् जे डोळा लागे ते थेट घंटी वाजेलोक. माणूस देव, पण झोप कुंभकर्णाची. तं म्या रडत रडत काय बोललो, "सर, माफ करा, तुमी झोपत होते अन् आमी तुमाले उठवत नव्हतो. खोकला आला तं बाहेर जाऊन खोकत होतो. कारण का, तुमी उठले का गणित शिकवसान." झालं... मले वाटलं आता मार बसते. तं मास्तर उठले, मले छातीशी धरलं अन् ते बी रडाले लागले. म्हणे, "मले वाटे बापा, किती शांत वर्ग हाये. मी तं घरी बायकोले सांगत होतो, असा शिस्तीचा वर्ग जिल्ह्यात नसंन."

मंग काय, बांधच फुटला. कडूबा उठला. हा माह्या बाजूच्या बाकावरचा, जिंदगीत कोणाले खरं न सांगितलेला माणूस, तो म्हणे, "सर, तुमच्या टेबलावरचं घड्याळ मी रोज दहा मिनिटं पुढं करत होतो, शाळा लवकर सुटावी म्हणून." हेडमास्तर भाषणातलं शुद्ध बोलणंच इसरले. म्हणे, "अबे, मी दोनदा ते चिखलीले दुरुस्तीले पाठवलं ना!" अन् त्याईनं बी कडूबाले छातीशी धरलं. एकेक जण उठे, एकेक पाप सांगे, एकेका मास्तराच्या गळ्यात पडे. पोहे थंड झाले, कोणाले शुद्ध नाई.

शेवटी पंचफुला उठली. रडत नव्हती ती. पदराचं टोक बोटाले गुंडाळलं अन् खाली पाहून एवढंच बोलली, "सर, मले गणित शिकाचं होतं. मॅट्रिक झाली तं बाबा मले मास्तरीण होऊ देणार हायेत, नाई झाली तं लग्न. मी तुमाले उठवाले दोनदा उठली होती. पण एकानं मले खाली बसवलं." अन् बसली. नाव नाई घेतलं तिनं. सगळे इकडं तिकडं पाहाले लागले, मी बी पाह्यलं इकडं तिकडं, अन् पोह्याची प्लेट उचलली. थंड तं थंड.

बरं, परीक्षा झाली. जूनमधी निकाल. पेपर बुलढाण्याहून एसटीनं येते, सारं गाव थांब्यावर. कडूबानं पेपर उघडला, आमच्या शाळेचा नंबर पाह्यला वरून खाली, मंग खालून वर. एकही नाई हो! नऊपैकी एकही नाई. हेडमास्तर म्हणे छापणाऱ्याची चूक असंन. चूक कायची, आठ दिवसानं मार्कशिट आल्या, नऊच्या नऊ गणितात आडवे. आमी आठ तं इंग्रजीतही आडवे, त्याच्यात नवल नाई. पंचफुला गणितातच गेली. नऊ मार्कानं.

अन् मंग ते झालं जे कोणाचं होऊ नये. जूनच्या शेवटी शाळा उघडली अन् आमी परत त्याच खोलीत! समोर कोण, तं ज्याईच्या गळ्यात पडून पापं सांगितली तेच मास्तर! तोंड कुठं लपवावं सांगा! म्हणून म्हणतो, निरोप घेतला ना, मंग माणसानं वापस येऊ नये भाऊ.

हेडमास्तरनं घड्याळ कपाटात ठेवलं, कपाटाले कुलूप. आता घंटी वाजवाची तं आधी किल्ली सापडा लागे, त्याच्यात दहा मिनिटं जात, ते गणित कोणी करावं? भगवंतराव मास्तर तं पह्यल्याच दिवशी फळ्याजवळ उभे. बसलेच नाई. खुर्ची बाहेर ठेवली व्हरांड्यात. अन् फळ्यावर उदाहरण लिहिलं, "घड्याळ रोज दहा मिनिटं पुढं केलं, वर्साचे शाळेचे दिवस दोनशे वीस, तं चार वर्सात शाळेचा किती वेळ बुडाला?" लिहिलं अन् कडूबाकडं पाह्यलं. कडूबा माह्याकडं पाहे, मी खिडकीकडं. आठ जण, पाऊण तास, एकालेही येईना. शेवटी कडूबा म्हणे, "सर, ते पंचफुलाले इचारा ना." सवयीनं बोलला हो तो, त्याच्या मनात काही नव्हतं. सगळ्याईनं पह्यल्या बाकाकडं पाह्यलं.

बाक रिकामा होता. निकाल लागला त्याच पंधरवड्यात, लग्नाच्या शेवटच्या तिथीवर, रंगरावनं तिले जळगाव जामोदकडं देऊन टाकली. आमी आठही जण पंगतीत वाढाले होतो. मी बुंदी वाढली.

आता तुमी म्हणसान, दयाराम, तिले खाली बसवणारा तो एक जण कोण? ...मी. मीच तो. चूप बस म्हटलं असतं तं ती बसली नसती, मले ठाव होतं. म्हणून म्या म्हटलं, "मास्तराले उठवशीन तं तुह्या बाबाले जाऊन सांगीन, का तू पोट्ट्याईसंग बोलते." बस. शाळा सुटण्याच्या भेवानं ती चार वर्सं बसून राह्यली. त्या दिवशी सगळ्या जगाची पापं म्या रडून सांगितली, अन् हे एक खिशात ठेवून घरी आलो. मी म्हणतो ना, निरोप घेतला का वापस येऊ नये... आमच्या नऊ जणात ते तिनं एकटीनंच पाळलं.

बरं, मास्तर पोळ्यालोक उभे राह्यले. खोटं कायले बोलू. मंग एक दिवस फळ्याले टेकले. मंग खुर्ची आतमधी आली. चार मैल ते चार मैलच हायेत ना, निकालानं रस्ता थोडीच कमी होते? दिवाळीपासून वर्ग परत शांत. शिस्तीचा.

अन् काल आमचा दुसरा निरोप समारंभ. तोच हार, तीच अगरबत्ती, अवंदा मोराले पाय काढले. परीक्षा पंधरा दिवसावर. हेडमास्तर म्हणे, "विद्यार्थी मित्रांनो, आठवणी सांगा." आठही जण जमिनीकडं! कडूबा उठला, म्हणे, "शाळेतलं पाणी गोड हाये," अन् बसला. मंग माहा नंबर. उभा राह्यलो. ठरवूनच आलतो, का आज ते खिशातलं काढतो, मास्तराच्या समोर काढतो, मंग काही होवो. अन् समोर पाह्यलं, तं दुपारचे अडीच, अन् भगवंतराव मास्तर गळ्यात हार घालून गाढ झोपलेले.

सगळे माह्याकडं पाहून राह्यलते. कडूबा हातानं खुणावे, बस खाली, बस खाली. तुमाले सांगतो, जिंदगीत पह्यल्यांदा मी नाई बसलो. पह्यल्या बाकाजवळून गेलो, मास्तराजवळ गेलो, अन् खांद्याले हात लावून हालवलं, "सर, उठा सर."

मास्तरनं डोळे उघडले. मले पाह्यलं, फळा पाह्यला, म्हणे, "तास संपला का रे?"

म्या म्हटलं, "हाव सर. संपला."

तं म्हणे, "मंग आता काऊन उठवलं बे?" ...अन् परत झोपले.