मोठ्या पायांचं स्थळ

आत्या : ते राहू दे. आधी सांग, मुलीकडची माणसं कुठायत?

भाचा : कुठली मुलगी?

आत्या : अरे, स्थळ बघायला आलोय ना आपण?

भाचा : हेच ते स्थळ, आत्या. पाटी वाच. 'डायनासोर पदचिन्ह स्थळ. कृपया ठशांत बसू नये.'

आत्या : अग्गंबाई! मी ठशात बसलेय?

भाचा : मघापासून. ऊठ हळूच.

आत्या : काय मेलं कपाळ! फोनवर तू काय म्हणालास? 'स्थळ फार जुनं आहे, पण चांगलं जपलंय.' मी म्हटलं, खानदानी माणसं दिसतायत.

भाचा : पुढे म्हणालो होतो ना, पावलं खूप मोठी आहेत म्हणून?

आत्या : म्हणालास की. मी म्हटलं, असेना का मुलगी पायाने मोठी. आपलंच चपलांचं दुकान आहे, काढू कुठून तरी नंबर. आख्ख्या बिल्डिंगला सांगून आलेय मी! खालच्या वहिनींनी तर ही फळांची टोपली बांधून दिली. आता ही कुणाला देऊ? या पाटीवरच्या पालीला?

भाचा : पाल नाही ती. आणि मेलाय तो, कोट्यवधी वर्षांपूर्वी.

आत्या : सुटला बिचारा. त्याला भाचा नव्हता. बरं, मला एक सांग, बूट कशाला एवढे चकचकीत केलेस?

भाचा : असेच.

आत्या : असेच म्हणे! तीस वर्षं लोकांच्या पायाशी बसून काढलीत मी. दगडधोंडे बघायला कुणी बुटांना पॉलिश मारत नाही. तेही टाचेपर्यंत! कोण आहे ती?

भाचा : हळू बोल गं. ती बघ, टोपीवाली. त्या छत्रीवाल्या जोडप्याला माहिती सांगतेय ना, ती. इथली गाईड आहे. मला फार आवडते, आत्या.

आत्या : आणि हे कधीपासून?

भाचा : आजचा बारावा रविवार.

आत्या : बारा रविवार! बोललास काय तिच्याशी?

भाचा : बोलतो की. दर वेळी ठरवून येतो, आज विचारायचंच. मग ती समोर येते आणि मी विचारतो, शेपटी किती लांब होती?

आत्या : बारा रविवार शेपटी?

भाचा : एकदा दातांबद्दल विचारलं होतं. पण आज तिचा इथला शेवटचा दिवस आहे. उद्यापासून ती दुसऱ्या गावच्या संग्रहालयात. सहा तासांचा रस्ता. म्हणून तुला आणलं. माझ्या एकट्याच्याने होत नाही गं.

आत्या : गाढवा, मग हे फोनवर सांगायचं नाही? इकडे मला झोप नाही, की मी गेल्यावर याला 'जेवलास का' म्हणून विचारणार कोण, आणि हा शेपट्या मोजतोय!

भाचा : तू काही बोलू मात्र नकोस. नुसती शेजारी उभी राहा. मला धीर येतो.

आत्या : मी? मी कशाला बोलतेय? मूग गिळून उभी राहते. अहो बाई! ओ टोपीवाल्या बाई! इकडे या जरा!

भाचा : आत्या!

गाईड : आले, आले. नमस्कार, काकू. तुम्ही यांच्या…?

आत्या : आत्या. याला मीच वाढवलाय, तेव्हा काही दोष असला तर माझा. बाई, हा प्राणी लंगडत होता का हो?

गाईड : लंगडत? नाही, काकू. पाटीवर लिहिलंय बघा, तो दबकत दबकत शिकारीमागे चालला होता.

आत्या : पाटी लिहिणाऱ्याने जन्मात चप्पल विकली नसणार. हे बघा, डावं पाऊल कसं भरून उमटलंय. आणि उजवं? सगळा भार बाहेरच्या कडेवर. आतलं बोट टेकवतच नाहीये तो. याला कुरूप होतं.

गाईड : कुरूप काय म्हणता, काकू! मला तर हा फार देखणा वाटतो.

आत्या : अहो, पायाला होतं ते कुरूप! चालताना टोचतं ते!

गाईड : अय्या! थांबा, पुढची बघते… हेही तसंच. आणि हेही. सगळी उजवी! चार वर्षं मी लोकांना दबकत चालून दाखवतेय, आणि याचा आपला पाय दुखत होता!

भाचा : छान दाखवता तुम्ही. दबकत.

आत्या : बोलला! पुढे बोल, पुढे.

भाचा : ते… शेपटी…

गाईड : साडेपाच मीटर.

आत्या : अरे देवा.

गाईड : काकू, रागावू नका, पण आमच्या घरी यांचं नाव 'शेपटीवाले' पडलंय. मागच्या रविवारी हे अर्धा तास उशिरा आले. तेवढ्यात मी एका गटाला न विचारताच शेपटी सांगून टाकली. दोनदा.

(आत्या टोपलीतलं एक केळं सोलायला घेते.)

गाईड : तुम्ही करता काय हो, शेपटी सोडून?

भाचा : लिफ्ट दुरुस्त करतो.

आत्या : अडकलेल्या माणसांना बाहेर काढतो. दुसऱ्यांना, हं.

गाईड : अच्छा.

भाचा : मला… म्हणजे आज शेवटचा दिवस ना तुमचा… तर मला विचारायचं होतं…

आत्या : विचार रे बाबा, माझे गुडघे गेले.

भाचा : तुमच्या त्या नव्या संग्रहालयात लिफ्ट आहे का?

गाईड : लिफ्ट? नाही. बैठी इमारत आहे ती.

आत्या : झालं! चला घरी.

भाचा : अच्छा. नाही, असती तर… मधूनमधून तपासावी लागते. मी आलो असतो.

गाईड : तरी या.