मध्यंतरानंतरचं रेकॉर्डिंग

—छे, ते नको. ते सगळेच मागतात. टाळ्या जास्त म्हणून लोकांना वाटतं गाणं रंगलं. तुझी आई त्या दिवशी घाबरत गायली होती — हे ऐक, इथं — शब्द संपायच्या आत सूर सोडून पळतेय बघ! तिच्या माघारी रेकॉर्ड काढायची म्हणतेस ना? मग नीट निवडू. अशी उजवीकडं बस, डाव्या कानानं मला ऐकू येत नाही.

अकरा वर्षं तिच्या एकूण एक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मी केलं. सभागृहाच्या मागं काचेची खोली असते ना, तिथं, हेडफोन लावून. दुसऱ्या दिवशी तुझे वडील यायचे — तिचे कार्यक्रम तेच ठरवायचे, तिनं काय गायचं, काय नेसायचं, सगळं तेच — आणि म्हणायचे, "काढा हिच्या चुका." मी काढायचो. माझा कान तसा होता, काय सांगू तुला! सतराव्या मिनिटाला सूर उतरला, एकोणतिसाव्याला ताल निसटला — सुवाच्य अक्षरात यादी करून द्यायचो. वाटायचं, बाई रियाझाला वापरत असेल. काय? हो, खरंच वाटायचं. सुरुवातीला तरी.

मग एकदा कार्यक्रमाच्या आधी तिच्या पदराला लावलेला माइक चालू राहिला. ती स्टेजमागं आतल्या खोलीत, मी काचेच्या खोलीत हेडफोन लावून. तुझे वडील मागच्या कार्यक्रमाची यादी वाचत होते. माझीच यादी. "सतरावं मिनिट" — आणि फटका. "एकोणतिसावं" — फटका. ती ओरडत नव्हती गं, घसा जपत होती. नऊ चुका लिहिल्या होत्या मी. सहावीपर्यंत ऐकलं आणि मिक्सरवर तिचा आवाज खाली ओढला. पाच मिनिटांनी परत वर केला, तिला स्टेजवर जायचं होतं ना.

पोलीस? तेव्हा असं कोणी नवरा-बायकोच्या मधे — नाही, जाता आलं असतं. चौकी समोरच होती. मी काय केलं, नऊच्या जागी चार लिहायला लागलो. तर तुझ्या वडिलांनी काचेच्या खोलीतच माझं मानगूट धरून डोकं टेबलावर आपटलं. "बहिरा झालास?" म्हणाले. पुढच्या खेपेला नऊ लिहिल्या. दहासुद्धा लिहिल्या. दोन वर्षं लिहीत होतो.

आणि मग तो रविवार, सकाळचा कार्यक्रम. मध्यंतरात काचेचं दार उघडून ती आत आली. गळ्याला रुमाल, त्याखाली बोटांचे निळे वळ — पाची मोजता येत होते. हातात माझा कागद. "हे अक्षर तुमचं?" हो म्हणालो. "माइक चालू राहिला होता — तुम्हाला आतलं ऐकू आलं होतं?" मी हेडफोन उतरवला. दाराशी माइकचा लोखंडी स्टँड होता. पहिला घाव कानावर. खाली पडलो तेव्हा बरगडीवर. मोडलेलं मलाच ऐकू आलं. लोकांना मी सांगतो, तिच्या नवऱ्यानं मारलं — तूही तेच ऐकून मोठी झालीस, माहितेय मला. त्यांनी नाही. तिनं. आणि तोच स्टँड घेऊन ती आतल्या खोलीत गेली. तुझ्या वडिलांचं मनगट जिन्यावरून पडून मोडलं नव्हतं, बाळा. तीन ठिकाणी मोडलं होतं. त्या हाताची पुन्हा मूठ वळली नाही.

मग स्टेजवर जाऊन गायली. मी रक्त पुसत मिक्सर धरून उभा. हे बघ, हेच ते. आवाज चिरकलाय, वर चढताना घासतोय, माझ्यासारख्यानं वीस चुका काढाव्यात. पण एक तरी सूर ती भीत भीत लावतेय का? सांग! ह्याच्यासारखं ती त्याआधी कधी गायली नाही. संपल्यावर तशीच मागच्या दारानं गेली, शेजारणीकडून तुला उचललं आणि गाव सोडलं. तू चार वर्षांची होतीस.

नाही, माफी कधी मागितली नाही मी. पत्ता होता, तरी नाही.

हे घे, हेच छाप. सगळं, घासलेल्या सुरांसकट, काही साफ करू देऊ नकोस कुणाला. आणि रेकॉर्डिंग कोणी केलं, ते छापायचं नाही. नको म्हटलं ना! पुन्हा विचारू नकोस. ऊठ. दार ओढून घे जाताना.