चौथ्या मजल्यावरची धाप

...आणि वर सगळे सांगणार, मनावर घेतलं की सुटते. तुम्हाला सांगतो, आमच्या दादाने सिगरेट सोडायचं इतक्यांदा मनावर घेतलं, की मनात दुसरं काही घ्यायला जागा उरली नाही. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, लिफ्ट दुरुस्त करतो, तीस वर्षं झाली, आणि सिगरेट त्याहून जुनी. आधी म्हणाला, हळूहळू सोडतो. कात्रीने प्रत्येक सिगरेटचे दोन तुकडे, निम्मी ओढायची... आता निम्मीने कुणाचं भागतं का? आणि दुसरा तुकडा काय, वाया घालवायचा? मग डॉक्टरांनी दंडाला चिकटवायची पट्टी दिली. ती लावून पठ्ठ्या गॅलरीत ओढत उभा. वहिनी म्हणाली, "अहो, पट्टी लावलीय ना?" तर म्हणतो, "लावलीय की. म्हणून तर एकच ओढतोय." मग कुणी सांगितलं, चारचौघांत जाहीर करा, लाजेने सुटते. केलं जाहीर. त्या दिवसापासून हा कुठल्याही इमारतीत गेला की आधी गच्चीवर, "जरा मशीन बघून येतो." मनावर घेतलं की सुटते म्हणे.

चार महिन्यांपूर्वी फोन आला. आठ मजल्यांची इमारत, लिफ्ट चौथ्या मजल्याशी अडकलेली, आत एकट्या वयस्कर बाई. मशीन गच्चीवर, म्हणजे जिन्याने चढणं आलं. दुसऱ्या मजल्यापर्यंत दादा ताठ, तिसऱ्यावर कठडा धरला, चौथ्यावर पायच उचलेना, तिथेच लिफ्टच्या दाराला टेकून खाली बसला आणि नुसता भाता चाललाय छातीचा. आतून शांत आवाज, "कोण आहे?"

"लिफ्टवाला... काकू... घाबरू नका."

मग बाई म्हणतात, "मी नाही घाबरले. तुम्ही बसा जरा. माझ्याकडे पाण्याची बाटली आहे हो, पण देऊ कशी?"

आता सांगा, कोण कुणाला सोडवायला आलं होतं? उरलेले चार मजले चढायला त्याला अर्धा तास लागला, आणि तेवढा वेळ त्या आत अंधारात उभ्या. बाहेर आल्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, दादा म्हणतो. त्यांनी आधी बाटली पुढे केली. हे मला सांगताना त्याने मान वर केली नाही.

त्या दिवसापासून बंद. कात्री नाही, पट्टी नाही, कुणाला सांगणं नाही. मीच परवा बोलून गेलो, "दादा, शेवटी मनावर घेतलंस. कायमची सोडलीस."

"कायमची म्हणू नकोस रे," तो म्हणाला. "कायमची म्हटलं की हात खिशाकडे जातो."

"मग?"

"सकाळी उठलो की जेवणाच्या सुट्टीपर्यंत सोडतो. जेवण झालं की झोपेपर्यंत."

जी एकदा सुटता सुटत नव्हती, ती हा माणूस आता रोज दोनदा सोडतोय.