तुळशीचे पान टाकलेल्या बाटल्या

नाव प्रमोदिनी मधुकर वैरागडे, वय ३४ वर्षे, धंदा प्रयोगशाळेत नोकरी, राहणार बुढी, बालाघाट. मी स्वतः ठाण्यात येऊन, कोणी न पढवता सांगते. हेड कॉन्स्टेबल दुलीचंद यांना मराठी येते, म्हणून जबाब मराठीत लिहिला आहे.

मी निवृत्त गुरांचे डॉक्टर भोजराज कटरे यांच्याकडे कामाला आहे. ते कोंबड्यांच्या मानमोडी रोगावर लस करतात. त्यासाठी आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या आहेत. लस वाढते ती कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या पेशींवर, आणि त्या पेशी बाटलीत जगायच्या तर त्यांना खाद्य लागते. ते करणे आणि सांभाळणे हे माझे काम. तीनदा ऊर्ध्वपातन केलेले पाणी, क्षार, साखर, वासराच्या रक्तातली निवळ म्हणजे सीरम, आणि खाद्य नासले की पिवळा पडणारा लाल रंग. गाळून बाटल्या भरायच्या, काही दिवस उबेत ठेवायच्या. रंग लाल राहिला तर खाद्य चांगले, पिवळा झाला तर नासले. चांगल्या बाटल्या रॉकेलवरच्या फ्रिजमध्ये जातात. धुताना साबणाचा अंश राहिला तरी पेशी मरतात. माझे पती मधुकर यांची नोकरी गेल्यापासून ते माझ्याबरोबर बाटल्या धूत. त्यांना सगळे मीच शिकवले.

दिनांक ६ ऑक्टोबर १९६८, रविवारी कोजागिरीला ग्रहण होते. मी लामत्याला माहेरी होते, किल्ली पतीजवळ होती. सोमवारी येऊन फ्रिज उघडला तर प्रत्येक बाटलीत तुळशीचे पान. ग्रहणात पाणी, दूध, लोणचे विटाळू नये म्हणून आमच्याकडे पान टाकतात. पती म्हणाले, आईने टाकले. डॉक्टरांपुढे हात जोडून म्हणाले, "साहेब, माय माही अडाणी आहे, माफ करा." सासूबाई मैनाबाई उंबऱ्यात खाली मान घालून बसल्या होत्या. मी त्यांना नाही नाही ते बोलले. डॉक्टर म्हणाले, पंधरा तारखेला नागपूरचे साहेब तपासणीला येणार, खाद्य नाही तर पेशी नाहीत, लस नाही, प्रयोगशाळा बंद. मला उद्यापासून येऊ नका म्हणाले. संध्याकाळी पतींनी मला चहा करून दिला आणि समजावत बसले.

बाटल्या नालीत ओतायला पतीच पुढे झाले. मी ओतू दिल्या नाहीत, स्वयंपाकघरात आणून ठेवल्या. मंगळवारी ते, नातेवाइकाकडे जातो, असे सांगून गेले, ते अजून आले नाहीत. बाटल्या गुरुवारपर्यंत चुलीजवळ होत्या. बूच उघडून आत पान पडलेले खाद्य या उकाड्यात एका दिवसात पिवळे पडायला हवे. हे लालच राहिले. मी थेंब जिभेवर घेतला. खारटपणा नाही, गोडवा नाही. ते नुसते रंगवलेले पाणी होते. खऱ्या बाटल्या नव्हत्याच.

मी सासूबाईंना परत विचारले. त्या म्हणाल्या, "मी काहून टाकू वं? तुह्या फिरिजले म्या हातबी नाही लावला. मधू म्हणे, माय, तू टाकलं म्हण, तुले कोण काय म्हणन? मले वाटलं, पोरगं संकटात आहे."

"अन् बाटल्या?"

"बर्फ-भुशाच्या पेटीत भरून ग्रहणाच्या दिवशीच गोंदियाले नेल्या. तिथं त्याले लशीच्या कारखान्यात मोठी जागा भेटून राह्यली म्हणे."

माझे पती मधुकर यांनी त्या बाटल्या नेल्या; पोलिसांनी त्या पंधरा तारखेच्या आत आणून द्याव्यात. थंडीबाहेर राहिल्या तर कोणाच्याच कामाच्या नाहीत. नुसती चोरी केली असती तर मी घरात भांडले असते, इथे आले नसते. पण स्वतःच्या आईला पुढे करून त्यांनी मला फसवले, आणि मी त्या म्हातारीच्या अंगावर ओरडत असताना शेजारी उभे राहून ऐकत होते. हे मला सहन होत नाही.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात बाटल्या "अज्ञात इसमाने" नेल्या असे लिहिले होते. मी हरकत घेतली. दुलीचंद म्हणाले, "बाई, घर का मामला है, आदमी लौट आएगा." मी ते शब्द खोडायला लावून "माझे पती मधुकर यांनी" असे लिहून घेतले. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणेच आहे, खाली सही केली आहे. बाकावर बसलेल्या सासूबाई तेव्हा उठून आल्या, नाव कुठे लिहिले ते त्यांनी विचारून घेतले आणि मुलाच्या नावाशेजारी साक्षीचा अंगठा दिला.