गुरुजींचे चार तारे

नाई गुरुजी, पेढा नको मले. ठेवा तो, घरी न्या. पुस्तक चांगलं झालं, मी कुठं नाई म्हणून राहिली — वर तुमचं नाव, मागं तुमचा फोटो, आतलं पान न् पान मीच तर बसवलं. प्रती त्या कपाटात ठेवा, विहारात येणारी पोरं वाचतीन. बसा. या अभ्यासिकेत दुपारचं कोनी नसते, पंख्याखाली बसा. काय? तृप्ती रुसली काहून? रुसाले मी आता तुमच्या चौथीत आहो काय? — तुमाले खरंच नाई समजलं तुम्ही काय केलं ते. तेच तर. समजून केलं असतं तर भांडली असती मी, मोकळी झाली असती.

चार. पाचातले चार तारे देले तुम्ही मले. हाव, ऐंशी टक्के होतात, फर्स्ट क्लास होते, मले माहीत आहे तुमचं गणित — पण ते शाळेतलं. मी ऑनलाइन कामं घेते त्या साइटवर पाच म्हणजे पास, आणि चार म्हणजे या पोरीत काहीतरी खोट आहे. तिथं कोनी मले पाहत नाई, सिहोऱ्याची का तुमसरची विचारत नाई, तारे पाहतात. आणि माह्यी कामं तरी किती, बोटावर मोजाची. मोठ्या पंगतीत एकानं तोंड वाकडं केलं तर कोनी पाहत नाई, चार पानांवर एकानं केलं तर स्वयंपाकच बिघडला म्हणतात. तसं झालं. माह्या नावापुढं चांगल्या कामाची निळी खूण होती, ती गेली. — आणि वरून तुमचा शेरा. आठवते ना काय लिहिलं? 'अजून सुधारणेस वाव आहे.' प्रगतिपुस्तकावर लिहाचे तसाच, स्वच्छ, काना-मात्रा जागच्या जागी.

हसू नका ना. ती कॅनडातली बाई — सांगतलं होतं मी तुमाले, लेकराईची पुस्तकं काढते, मराठी, हिंदी, सगळी — तिचं सहा महिन्याचं काम होतं. पानं लावाचं, चित्रं बसवाचं. माह्या नमुना पसंत पडला होता तिले, सोमवारी पक्कं करते म्हणली. त्याच्या आधी तुमचा शेरा पडला. मशीन त्याचं इंग्रजी करून दाखवते. मग तिनं विचारलं — लय चांगल्या शब्दात विचारलं — का आधीच्या ग्राहकाले कशात कमी वाटली? आता काय सांगू तिले? का हे आमचे यादोराव गुरुजी आहेत, हे पन्नासातले पन्नास कोनालेच देत नाईत, एक मार्क आपल्यापाशी ठेवतात आन् 'पुढच्या साली घ्याले ये' म्हणतात? लिहिलं मी तसं. लिहून वाचलं तर मलेच बनवाबनवी वाटली. तिचं उत्तर आलं — शुभेच्छा. बस.

मिल? मिलमध्ये काय आता — ते बिलाचं काम — सोडलं मी. त्या सोमवारच्या भरवशावर सोडलं. तिथं दुसरी पोरगी बसली. नाईतर कामाच्या दिवशी मी इथं कायले सापडली असती तुमाले? ... हा डबा? माय देते ना. सकाळी भरून देते, मी गाडीत बसते, इथं येते, संध्याकाळी रिकामा डबा घेऊन घरी. तिले वाटते मिल सुरू आहे. — हे नव्हतं सांगाचं मले. तिले काही बोलू नका, तुमाले शपथ आहे.

तुमचं काम तर मी असंच करून देल्लं असतं हो. साइटवरून कायले करवलं, कधी विचार केला? तुमचं खातं मीच उघडलं, कुठं दाबाचं ते मीच दाखवलं. मले एक पक्का पाच पाहिजे होता. परक्याचा काय भरवसा, म्हणलं आपला माणूस देईलच. बाबा गेल्यावर जिथं जिथं पालकाची सही लागली तिथं तुम्ही केली, कॉलेजातबी तुम्हीच आले होते माह्यासंगं. मग हे तर बोटानं दाबाचं होतं नुसतं. दुसऱ्या कोण्या क्लायंटनं चार देल्ले असते तर नुकसान म्हणली असती मी. तुम्ही देले म्हणून दगा म्हणते. हाव, दगाच.

काय म्हणता? — नागपूरचा, मोबाइलवरून बोलावलेल्या टॅक्सीचा ड्रायव्हर? त्याले पाच देले? अहो तुम्हीच सांगत होते ना, डोळ्याच्या दवाखान्यात भलत्याच गेटवर उतरवून देलं त्यानं, उन्हात पायी जा लागलं — तरी पाच? 'बिचाऱ्याचं पोट आहे त्यावर.' ... म्हणजे माहीत होतं. गुरुजी, ताऱ्यावर पोट असते हे तुमाले माहीत होतं. परक्याच्या पोराचं समजलं. — नाई, बोला, बोला ना पूर्ण. 'परक्याले कायले दुखवाचं, कान तर आपल्या लेकराचा पिळाचा असते.' बरं. मग माह्या कामात चूक कुठं होती ते दाखवा. हे घ्या पुस्तक, उघडा. एक चूक दाखवा. ... नाई ना सापडत. तरी एक तारा ठेवून घेतला.

शाळेत तुम्ही तो एक मार्क ठेवत ना, मी धावत जाऊन मायले सांगत होती — गुरुजीनं माह्यासाठी ठेवला म्हणून. पूर्ण साल त्याच्या मागं अभ्यास करे मी. मले तो लाडच वाटे. लाडच होता, मी नाई म्हणत नाई. पण इथं रोज बसून बसून आता असं वाटून राहिलं, का तो मार्क माह्याच होता गुरुजी. मी मिळवला होता तो.

राहू द्या, मोबाइल काढू नका. तुमच्याकडून आता बदलत नाई, मुदत गेली त्याची. माह्याकडून बाकी आहे — हाव, आम्हीबी ग्राहकाले तारे देतो, तुमाले नव्हतं माहीत? तुमचे मी देल्लेच नव्हते. काय द्यावं, समजतच नव्हतं. आता समजलं. हे पाहा, तुमच्यासमोर देते. पाच. पूर्ण पाच. आन् खाली शेरा — 'सहकार्याबद्दल आभार, सर.' सगळ्या क्लायंटले मी हेच लिहिते.

पेढ्याचा पुडा राहून जाईल तुमचा, घ्या तो. सिहोऱ्याची गाडी लागली असन. जय भीम, सर. या.